लांब उडी

कुत्र्यांच्या पाण्यात लांब उडी मारण्याच्या स्पर्धा बाबांनी मोबाईलवर पाहिल्या आणि पेडगावच्या आमच्या शेततळ्यावर फळी बसवली. आपण पाण्यात काहीतरी फेकायचं, कुत्र्याने फळीवरून झेप घेऊन ते परत आणायचं. वर्षभर ते तुफानला एवढंच शिकवत होते.

"दादा, लोकं लेकरं शिकवायलेत अन् तुमी कुत्रं," गोपीचंदकाका चिडवायचे.

बाबा गेल्यापासून आठवडाभर तुफानने फळीवर पाय ठेवला नव्हता. मी चेंडू फेकला तरी तो नुसता पाण्याकडे बघायचा. माझंही तेच. बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जायचं ते कळेना.

"अस्थी गंगेत सोडल्या ना, की जीव थाऱ्यावर येतो बघ," काका म्हणाले. त्या एका वाक्याच्या भरवशावर मी काकांसोबत गंगाखेडला निघाले. तुफान आधीच गाडीत चढून बसला होता.

गोदावरीच्या, म्हणजे आमच्याकडच्या गंगेच्या, घाटावर काकांनी लाल कापडातलं गाठोडं माझ्या हातात दिलं. "लांब फेक, बाई. अन् फेकलं की मागं वळून बघायचं न्हाई. सरळ पायऱ्या चढायच्या."

मी जोर लावून फेकलं आणि वळले. मागे पाण्यात काहीतरी मोठं पडल्याचा आवाज झाला. कुणीतरी ओरडलं. मी बघितलं नाही. पायऱ्या चढत राहिले.


शेवटच्या पायरीवर तुफानने मला गाठलं, आणि ते निथळतं गाठोडं माझ्या पायाशी ठेवून तो आठवड्यात पहिल्यांदाच शेपूट हलवू लागला.