कॉलरवालीची आई

“हा शिवणकारखाना आहे बाई, वृद्धाश्रम नव्हे!” मॅनेजरसाहेब कडाडले.

कॉलरवाली जागची हलली नाही. देवानं माणसाला हात दोनच दिलेत. तिच्या एका हातात आई होती, दुसऱ्यात राजीनामा. आईचं वय शहाऐंशी. परवा गॅस चालू ठेवून ती एकटीच रस्त्यानं निघाली होती. शेजारणीनं परत आणली म्हणून निभावलं. त्याच दिवशी लेकीनं मनाशी पक्कं केलं, आता हिला डोळ्यांआड करायची नाही.

“तिला माझ्या मशीनशेजारी बसू द्या, नाहीतर हे घ्या. घरी ती एकटी राहणार नाही.”

साहेबांनी कागद घेतला, पण त्यांच्यानं तो वाचवेना. असल्या कागदांनीच त्यांचा खण भरला होता. दोन वर्षांत सात जणी काम सोडून गेल्या. पगार कमी म्हणून नव्हे. कुणाचे सासरे अंथरुणाला खिळले, कुणाची आई घरची वाट विसरली. त्यांच्या जागी घ्यायला गावात तरुण माणूस औषधालासुद्धा सापडेना. ‘कारागीर पाहिजेत’ ही फाटकावरची पाटी उन्हानं पांढरी पडली. अर्ध्या मशिनी कापड पांघरून झोपल्या. कॉलर बसवणारी ही शेवटचीच. ती गेली की सगळे शर्ट मानेशी अडणार.

“आज तुमची आई बसवली, उद्या सगळ्या जणी आणतील!”

“आणू देत की. कामाला माणसं तरी टिकतील.”

चालू मशिनीही थांबल्या. एवढ्यात म्हातारी स्टुलावर बसलीसुद्धा. तिच्या वयाला साहेब काय अन् शिपाई काय, सगळी लेकरंच. तिनं साहेबांना खालून वर न्याहाळलं.

“का रे ओरडतोस एवढा? जेवलास का?”

मागं कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांचा आवाज आपोआप खाली आला. “दुपारी घरी जाऊन जेवतो, आजी.”

“घरी कोण असतं?”

“वडील.”

“थकले असतील माझ्यासारखे. मग आत्ता त्यांच्यापाशी कोण आहे?”

साहेबांनी राजीनाम्याची घडी घातली, ती कॉलरवालीच्या हातात परत ठेवली आणि भिंतीकडे बघत म्हणाले,

“कुलूप.”