बांधावरची चौकशी

“तिला शेतात उतरवू नकोस,” मालुबाई म्हणाली आणि बांधावर आडवी उभी राहिली.

समोर क्लारा, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून तयार. ऑस्ट्रियाची, कॉलेजात शिकणारी. तिच्यासारख्या परदेशी पोरापोरींचा जथा गावच्या शाळेत उतरला होता. आज एकेकानं एकेका घरी राबायचं, रात्री भजनाला बसायचं आणि उद्या भीमगडच्या जंगलात डोंगर चढायला जायचं, असा त्यांचा बेत. दुभाषी म्हणून सोबत रचना. ती राहायची पिरनवाडीला, शिकायची बेळगावात, आणि मालुबाई तिची सख्खी चुलती. म्हणून तर तिनं कॉलेजातल्या सरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, क्लाराला आमच्या काकूच्या शेतात नेते. आता तो तोरा चिखलात गेला होता.

बरं, मालुबाईला हात नको होते असंही नाही. भाताची रोपं वाफ्यात पिवळी पडायला लागली होती. आणखी एक-दोन दिवस गेले असते तर लावण्याजोगी राहिली नसती, आणि वर्षाचं भात बुडालं असतं. नवरा गेलेला, लेक पुण्याला. एके काळी या गावात लावणी पैऱ्यानं व्हायची. आज तुम्ही आमच्यात राबा, उद्या आम्ही तुमच्यात राबतो, पैशाचं नाव नाही. आता बाया सकाळीच टेंपोत बसून उद्यमबागेतल्या कारखान्यांत जायच्या. पैऱ्याला उरली होती एकटी शेजारची अंबुबाई, आणि यंदा तीही कंबर धरून बसलेली. गेल्या साली मालुबाईचा पाय मुरगळला होता, तरी लंगडत लंगडत जाऊन ती अंबुबाईचा पैरा फेडून आली होती. अशी ही बाई. आणि फुकटचे दोन हात चालत बांधावर आले, तर म्हणते, नको.

“काकू, सगळ्यांच्या शेतात पोरं उतरली. तुलाच काय झालंय?” रचनानं दबक्या आवाजात विचारलं. तिला क्लाराकडं बघायची लाज वाटत होती.

“थांब गं. आधी इचार तिला, बाप काय करतोय?”

रचनानं विचारलं. सफरचंदाची बाग आहे म्हणे.

“सोताची?”

स्वतःची.

“भाऊ किती?”

एकही नाही. आई नाही. बाप आणि ही, दोघंच.

“मग तोडणीला मानसं?”

क्लारानं रिकामे हात हलवून दाखवले. माणसं मिळत नाहीत. मागच्या वर्षी निम्मी फळं झाडाखालीच कुजली. बाबा एकटेच तोडत होते.

“आमच्यागतच म्हणायचं,” मालुबाई म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. “तोडणी कवा आसती?”

सप्टेंबरात.

मालुबाईनं बोटांवर महिने मोजले. “म्हंजे भादवा. गणपती बसत्यात तवा.” मग आपल्याशीच पुटपुटली, “भादव्यात हाताला काम नसतंय आमच्या.”

रचनाला काही उमगेना. एवढी चौकशी तर मुलगी बघायला आलेली माणसंही करत नाहीत.

“झाडं केवढी? शिडी लागती काय?”

क्लारानं डोक्याच्या वर हात धरून उंची दाखवली. मालुबाईनं पदर खोचला, आपला हात वर करून बघितला. पुरला.

“ये बाई,” ती म्हणाली आणि हाताला धरून तिनंच क्लाराला चिखलात उतरवलं.

पहिल्या ओळीतली निम्मी रोपं तरंगून वर आली. मालुबाईनं ती पुन्हा रोवली, क्लाराचा अंगठा धरून किती दाबायचं ते दाखवलं. दुपारपासून दोघींचा वाकायचा ताल जमला. दिवस मावळायला शेवटचा वाफा रिकामा झाला. कंबर सरळ होत नव्हती तरी क्लारा हसत होती. मालुबाईनं तिला कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, भाकरी नि झुणका खाऊ घातला, आणि बागेचा पत्ता रचनाकडून लिहून घेतला. सकाळी पोरं जंगलाकडं गेली.

पंधरवड्यानं मालुबाई पिरनवाडीत येऊन रचनापुढं बसली.

“मला पासपोर्ट काढून दे.”

रचनाचा स्वतःचा पासपोर्ट अजून निघाला नव्हता. “काय गं काकू, म्हातारपणी फिरायची हौस आली व्हय?”

“हौस कशाची आलीया,” मालुबाई म्हणाली.

तिकिटासाठी ती म्हैस विकणार, ही बातमी मात्र गावभर झाली. मग काय, जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कुणी म्हणालं, लेकाला गोरी बायको बघितली. कुणी म्हणालं, म्हातारीला खूळ लागलं. अंबुबाईनं शपथ घालून विचारलं, तरी हिच्या तोंडातून शब्द नाही.

शेवटी पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला. भरमाण्णा कानडी माणूस, पण मराठी चांगलं बोलायचा. रचना मुद्दाम येऊन बसली होती. दाराशी अंबुबाईही कंबर धरून उभी.

“याक अक्का,” चहाची बशी हातात घेऊन भरमाण्णानं विचारलं, “ऑस्ट्रियाला कशाला जायाचं?”

“काम हाय.”

“कसलं काम?”

“सफरचंदं तोडायची.”

भरमाण्णानं बशी खाली ठेवली. परदेशात कामाला नेतो म्हणून फसवणारे त्यानं पुष्कळ बघितले होते. “पगार किती देतो म्हणाले?”

“पगार कशाचा? कुणी देतो म्हणालं न्हाय, मी मागितला न्हाय.”

“मग तिथं ऱ्हाणार किती वर्सं?”

“वर्सं?” मालुबाईला त्याचा प्रश्नच कळेना. “एकच दिस. पोरीनं आमच्यात एकच दिस केलाय.”