बिनपगारी संप

शनिवारी वरद लेकीला गावच्या कौन्सिलच्या लायब्ररीत, आपल्या आईच्या वाचनवर्गाला घेऊन आला, तर आई दाराबाहेर थंडीत उभी. शेजारी संपावर गेलेली लायब्रेरियन पॉला, आणि दोघींच्या हातांत बोर्ड.

“आई, हे काय? आत मुलं खोळंबलीयेत!”

“आज मी शिकवणार नाही.”

“अगं, कौन्सिलकडे पैसे नाहीत म्हणून नोकऱ्या कापतायत. संप करून पैसा काय झाडाला लागणारे? आणि तू तर व्हॉलंटिअर! तुला पगारच नाही, तर तुझा संप कसला?”

काचेतून हात हलवणाऱ्या मुलांकडे आईने निग्रहाने पाठ केली.

“काल कौन्सिलचे साहेब माझं कौतुक करून गेले. म्हणाले, ‘तुम्ही फुकट शिकवताय, मग पॉलाला पगार कशाला द्यायचा?’”