वासाचा रकाना

“आई, आत्ता कसला वास येतोय?” सूनबाईनं सहज विचारल्यासारखं विचारलं आणि पेनाचं टोपण काढलं.

सासूबाई गॅलरीच्या कठड्यावरून खाली वाकल्या. इकडेतिकडे पाहिलं, मग डोळे मिटून लांब श्वास घेतला. कोपऱ्यावरचा सायकलवाला ट्यूब चिकटवतोय, त्या सोल्यूशनचा वास आहे, असं त्यांनी सांगितलं. शिवाय समोरच्या बाईनं केस धुतलेत आणि शाम्पू स्वस्तातला आहे.

“अगदी बरोबर,” म्हणत सूनबाईनं शब्दन्‌शब्द वहीत उतरवला.

खरं तर तिला कसलाच वास येत नव्हता. दोन महिन्यांपूर्वी साथीचा ताप आला, नवरा सोडून घरभर फिरला आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला. दुसऱ्या कुणाचं गेलं असतं तर एवढं बिघडलं नसतं. पण ती साबणाच्या कारखान्यात वास तपासायला होती. नवा माल निघाला की वडी नाकाशी धरायची आणि पास की नापास ते सांगायचं. बारा वर्षं ती हेच करत होती.

पहिला महिना आजारपणाच्या रजेत गेला. मग नाक जरा चोंदलंय, एवढंच तिनं साहेबांना सांगितलं. साहेबांना वह्यांचा भारी नाद. त्यांनी महिनाभराची रजा दिली आणि सोबत एक कोरी वही. रोज पाच रकाने भरायचे. काय पाहिलं, काय ऐकलं, काय चाखलं, हाताला काय लागलं आणि वास कसला आला. मनाला येईल तसं लिहा, म्हणाले, शब्द सुचायला लागले की नाकही उघडतं. महिना संपला की सोमवारी वही घेऊन या. वासाचा रकाना कोरा राहिला, तर पॅकिंगला एक जागा रिकामी आहे.

पॅकिंगला जायची तिची मुळीच तयारी नव्हती. पहिले चार रकाने तिनं जीव ओतून भरले. लिफ्टचं दार लागताना कण्हतं, नवऱ्याच्या शर्टाची कॉलर आतून मांजराच्या जिभेसारखी लागते, असलं काय काय तिला सुचायला लागलं. लिहायची गोडीच लागली म्हणा ना. पाचव्या रकान्यापाशी मात्र गाडी अडायची.

तेव्हा तिला सासूबाईंचं नाक आठवलं. लेकानं ओढलेली सिगारेट त्या तीन दारांआडून ओळखत. गेले दोन महिने घरात सिगारेटचा वास म्हणून नाही, पोरगं सुधारलं, असं त्या हल्ली सगळ्यांना कौतुकानं सांगत होत्या. आता आपलं नाक गेल्याचं त्यांना सरळ सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत झाडून सगळ्या नातेवाइकांचे फोन आले असते. म्हणून रोज चार वाजता ती वही घेऊन बसायची आणि गंमत म्हणून विचारल्यासारखं विचारायची.

सासूबाईंनी तिला एक दिवसही उपाशी ठेवलं नाही. पोस्टमनच्या पिशवीचा, ताज्या रंगवलेल्या फाटकाचा, वाळत घातलेल्या गाद्यांचा, सगळे वास त्यांनी पुरवले. मधे साहेबांनी वहीच्या पानांचे फोटो मागवले. पहिले चार रकाने ठीक आहेत, असं त्यांनी कळवलं. पाचवा वाचताना मात्र माझंच नाक हुळहुळलं, म्हणाले. सूनबाईला स्वतःची लाज वाटली. पण वही एकदा पास होऊ दे, नाकाचं मागाहून बघू, असं तिनं मनाला समजावलं.

रविवारी शेवटचं पान उरलं. समोरच्या गॅलरीत एक पोरगी संत्रं सोलत होती. सासूबाईंनी तिकडे पाहून डोळे मिटले. संत्र्याच्या सालीचा वास येतोय, म्हणाल्या, आणि संत्रं जरा आंबट असावं. सूनबाईनं मान डोलावली आणि लिहून घेतलं.

तेवढ्यात दाराची बेल वाजली, ती थांबेचना. दारात खालच्या मजल्यावरचा शिंपी उभा होता. गळ्यात टेप, हातात कात्री, आणि जिना चढून धाप लागलेली.

“वहिनी, अहो काय जळतंय? माझी गिऱ्हाइकं नाक धरून बसलीत.”

उत्तराची वाट न बघता तो आत धावला आणि त्यानं स्वयंपाकघराचं लावलेलं दार उघडलं. धुराचा लोट बाहेर आला. तासाभरापूर्वी बटाटे उकडायला ठेवून दोघी गॅलरीत बसल्या होत्या. पाणी कधीच आटलं होतं आणि बटाट्यांचा कोळसा झाला होता. शिंप्यानं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि जिना उतरून गेला.

सूनबाई सासूबाईंकडे बघत राहिली. सासूबाई पदरानं धूर वारत होत्या, नको इतकं मन लावून.

“आई, तुम्हालापण येत नाही?”

“तापानंतर गेलाय,” त्या खाली बघत म्हणाल्या. “तुझी नाकाची नोकरी. तू रोज वही घेऊन समोर बसायचीस. मला वाटलं, तुला संशय आलाय आणि तू माझी परीक्षा घेतेस. एकदा जरी चुकले असते, तरी तू मला गॅसजवळ फिरकू दिलं नसतंस.”

“पण मी तर रोज बरोबर म्हणायचे.”

“म्हणून तर मला वाटायला लागलं होतं, की थोडा थोडा यायला लागलाय.”

सूनबाईला आधी रडू फुटलं. मग हसू फुटलं, ते सासूबाईंनाही आवरेना. दोन महिने छातीवर बसलेला धोंडा तिथल्या तिथे उतरला. हसता हसता सूनबाईनं वहीचं आणि पॅकिंगचं सगळं सांगून टाकलं. तेव्हा उद्या साहेबांना काय दाखवणार, असं सासूबाईंनी काळजीनं विचारलं.

सूनबाईनं वही उघडली. संत्र्यावर काट मारली आणि पाचव्या रकान्यात महिनाभरातलं पहिलं खरं वाक्य लिहिलं: ‘आज वास आला. शिंप्याला.’