पान दोनशे चौदा

"न उघडलेल्या पानावर तुम्ही बेचाळीस जणांना पास केलंत, सर. उघडायला गेले ती मी एकटी. आणि शून्य मला."

कल्याणच्या कॉलेजातला बी.ए.चा वर्ग. सगुणा थेट टेबलाशी येऊन उभी होती. हातात जिल्ह्याच्या माहितीचा जुना, जाडजूड ग्रंथ.

"ग्रंथालय-चाचणी होती," सर म्हणाले. "मूळ पुस्तक शोधायचं, खाडीवरच्या मिठागरांची माहिती काढायची, पान नंबर द्यायचा. तू लिहिलंस, 'पान उघडत नाही.' हे उत्तर झालं?"

"झालं. कारण उघडत नाय."

"अगं, घरी कालवं फोडतेस ना? तसं फोड!" मागून आनंद ओरडला. वर्ग खिदळला. सरही हसले. हसायला नको होतं त्यांनी.

तिनं ग्रंथ टेबलावर आपटला. पहिल्या पानावर कॉलेजचा शिक्का, साल एकोणीसशे अडुसष्ट. आणि दोनशे नऊपासून दोनशे चोवीसपर्यंतची पानं छापखान्यातून आली तशीच, कडेला एकमेकांना जोडलेली. चोवीस वर्षांत कुणी कापलीच नव्हती.

"लायब्ररीतल्या काळुरामकाकांकडे ब्लेड मागितलं. म्हणाले, पुस्तकाला ब्लेड लावायचं तर प्रिन्सिपॉलसाहेबांची सही आण. दोनदा गेले. साहेब म्हणाले, नंतर ये."

आता कुणी हसेना. आनंदनं मागच्या वर्षीच्या पोराची उत्तरांची वही बाकाखाली सारली.

सरांनी आवाज खाली आणला. "हे बघ, बाकीच्यांचं उत्तर बरोबर आहे. दोनशे चौदाच. तूही तेवढं लिहून टाक, पाच मार्क देतो. शून्यावर परीक्षेचा फॉर्म घेणार नाहीत. आज शेवटची तारीख, तीनला खिडकी बंद. वर्ष घालवायचंय?"

तीनला वीस मिनिटं होती. सरांनी पुढं केलेली उत्तरपत्रिका तिनं घेतली.

"बरोबर आहे हे तुम्हाला कसं कळलं, सर?"

"मी वाचलंय."

"हे पान?"

"दुसऱ्या प्रतीत."

सगुणानं उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली. पेनचं टोपण काढलं.

"कुठल्या लायब्ररीतली प्रत? नाव सांगा, सर. लिहून घेते."