ओळीतले तीन ठिपके

“गेल्या महिन्या-दोन महिन्यांत पडला होतात का कुठे?” डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं.

“छे हो. मी कशाला पडतेय!” सासूबाईंनी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

पडद्यावर त्यांचा सगळा सांगाडा होता, डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत. सकाळी शिरेत किरणोत्सारी औषध सोडलं, तीन तास नुसतं पाणी पाजलं, मग यंत्राखाली निजवलं, त्याचं हे चित्र. हाडात जिथे काही चाललंय तिथे औषध जास्त गोळा होतं आणि काळा ठिपका उठतो, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. डाव्या बरगड्यांवर तीन ठिपके होते.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली, तेव्हापासून सून या एकाच गोष्टीला भीत होती. “हाडांत उतरला का?” तिने विचारलं.

“तेच ठरवायचंय. मार लागला असला तरी असंच दिसतं. म्हणून खोदून विचारतोय. आजी, पडला नसाल तर मला दुसरा विचार करावा लागेल. तो बरा नाही.”

सुनेने त्यांचा हात हातात घेतला. “आई, मी आहे ना.”

त्या हाताकडे बघतच सासूबाई म्हणाल्या, “पडले होते.”

“कधी?”

“महिना झाला. तू ऑफिसात होतीस. जिन्यात, शेवटच्या तीन पायऱ्या.” मग एकदम घाईने, “तुझी चिमी कडेवर होती. पण तिला खरचटलंसुद्धा नाही गं! मी अशी वळले…” खुर्चीतल्या खुर्चीत त्यांनी उजवा हात पोटाशी घट्ट आवळला आणि डावा खांदा खाली टाकला. “सगळी या कुशीवर आले. ती तर खिदळत होती. तिला वाटलं, आजी खेळतेय.”

“मग मला सांगितलं का नाहीत?” सुनेने विचारलं.

“सांगितलं असतं, तर पुन्हा दिली असतीस तिला माझ्याकडे? दुसऱ्या दिवशी पाळणाघर शोधलं असतंस.”

डॉक्टर पडद्याजवळ वाकले. “एकाखाली एक, सरळ ओळीत. पडल्यावर बरगड्या अशाच मोडतात. तो आजार सहसा इतका शिस्तीत बसत नाही. सीटी स्कॅन काढून खात्री करून घेऊ. पण आता मला तितकीशी काळजी वाटत नाही.” मग ते हसले. “महिनाभर मोडक्या बरगड्या घेऊन फिरलात?”

“पोरीला उचलताना तेवढं कळायचं,” सासूबाई पुटपुटल्या.

सीटीच्या खोलीबाहेर दोघी बाकावर बसल्या. आतून एकेकाचं नाव पुकारत होते. सासूबाईंनी विचारलं, “आता नाही ना देणार तिला?”

“आज नाही.” सुनेने नाक पुसलं. “अंगात औषध आहे तुमच्या. उद्या सकाळपर्यंत लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही, कागदावर लिहिलंय.”

“आणि उद्या?”

“उद्या मला ऑफिस आहे.” तिने सासूबाईंची पर्स आपल्या मांडीवर घेतली. “फक्त डाव्या कडेवर नका घेऊ. दुखेल तुम्हाला.”