फुगे सोडायला

"मॅडम, इतक्या लांब बर्फात तुमी नुसते फुगे सोडायला जाता?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून काजलनं अंटार्क्टिकात राहून आलेल्या पाहुण्या मॅडमना विचारलंच. सगळा वर्ग खिदळला. मॅडमही हसल्या. "हो गं, फुग्याला यंत्र बांधून वरची हवा मोजतो. तिथं फुगे सोडणारी माणसं कमी, म्हणून हवामानाचे अंदाज चुकतात आणि बोटी बर्फात अडकतात. येतेस मदतीला?" संध्याकाळी चुलीपाशी घोंगडीत गुरफटून काजल म्हणाली, "बाबा, मी सायन्स घेणार, दक्षिण ध्रुवावर फुगे सोडायला जाणार. जाऊ द्याल ना?" "फुगं इकायला म्हसा गावची जत्रा हाय की गो," बाबा गोंधळले. तिनं समजावल्यावर त्यांनी मान डोलावली. आई मात्र हसली. "कढत पाण्याबिगर आंघोळ करीत नाय, नि म्हणं बर्फात राहणार!" काजलनं घोंगडी भिरकावली. "आये, बाबा, उद्यापासून गार पाण्यानंच आंघोळ!"